धातूचीं झुडपें आणि सरसाचा चमचा

कणकवलीच्या उत्तरेस, मुंबई-गोवें महामार्गावर, नांदगांव म्हणून एक गांव आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा नकाशा ज्यांनीं पाहिला असेल त्यांच्या ध्यानांत हें गांव त्याच्या तिठ्यामुळें राहतें. कारण येथून एक वाट पश्चिमेस देवगडच्या बंदराकडे उतरते, दुसरी पूर्वेस फोंडाघाट चढून निपाणीकडे जाते, आणि कोंकण रेल्वेचें एक स्टेशनहि याच गांवाच्या नांवानें ओळखलें जातें. देवगडच्या वाटेनें समुद्रापर्यंत गेलें म्हणजे १९८६ सालीं उभारलेल्या पवनचक्क्यांचा सडा लागतो. वाऱ्यापासून वीज घेण्याचे जे पहिले प्रयत्न महाराष्ट्रांत झाले त्यांत या चक्क्यांची गणना होते.

परंतु वाऱ्याची वीज वारा असेपर्यंत व सूर्याची वीज ऊन असेपर्यंत, हें सांगावयास पंडित नको. २०२१ सालच्या मे महिन्यांत तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून उत्तरेस गेलें, त्या वेळीं खांब उन्मळून पडले, तारा तुटल्या, आणि अनेक गांवें कांहीं दिवस अंधारांत राहिलीं. विजेचा घरगुती सांठा ही चैन नसून गरज आहे, ही गोष्ट त्या दिवसांत कोंकणांतील माणसास जितकी पटली तितकी ती कोणत्याहि व्याख्यानानें पटली नसती. हा सांठा ज्या विद्युत्-घटांत, म्हणजे आपण ज्यांस नित्य व्यवहारांत बॅटरी म्हणतों त्यांत, व्हावयाचा त्या घटांची एक जुनी आणि हट्टी व्याधि आहे. ती व्याधि कोणती, तिच्यावर कारागिरांनीं व शास्त्रज्ञांनीं कोणते उपाय शोधिले, आणि त्या उपायांच्या इतिहासांत पुण्याच्या एका प्रयोगशाळेचा व कोंकणपट्टींत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा संबंध कसा येतो, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय रसायनाचा असला तरी त्याचें मर्म सामान्य वाचकास कळण्यासारखें आहे, आणि त्यांतून निघणारा बोध तर केवळ रसायनापुरता नाहीं.

इ. स. १८०० मध्यें व्होल्टा या इटालियन पंडितानें दोन धातूंच्या चकत्या एकावर एक रचून व त्यांच्यामध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले तुकडे घालून सतत वाहणारी वीज प्रथम निर्माण केली. तींतून एक अनपेक्षित लाभ झाला. धातूचा क्षार पाण्यांत विरघळवून त्यांतून वीज सोडली असतां तो धातु पाण्यांतून निघून ऋणाग्रावर येऊन बसतो, असें दिसून आलें. १८०५ सालीं ब्रुन्यातेल्ली यानें याच रीतीनें चांदीच्या पदकांवर सोन्याचा मुलामा चढविला. १८३८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें जाकोबी यानें तांब्याचे हुबेहूब ठसे घेण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि १८४० सालीं बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं मुलाम्याचें पेटंट घेऊन त्या विद्येचा धंदा बनविला. सोनाराच्या मुशींत व पाऱ्याच्या विषारी धुरांत होणारें काम आतां एका हौदांत, थंडपणें, दिव्याच्या उजेडांत होऊं लागलें.

तथापि या हौदांत काम करणाऱ्यांस लवकरच एक अडचण भासूं लागली. वीज मंद सोडली तर धातूचा थर गुळगुळीत बसे, पण कामास वेळ फार लागे. घाई करून वीज जोरानें सोडली तर थर खरखरीत होई, त्याला कोंब फुटत, आणि पाहतां पाहतां त्या कोंबांच्या फांद्या होऊन हौदांत धातूचें झुडूपच उभें राही. असलीं झुडपें किमयागारांस फार पूर्वींपासून ठाऊक होतीं. चांदीच्या झुडपास ते डायानाचें झाड म्हणत, आणि शिशाच्या झुडपास शनीचें झाड. शिशाच्या क्षाराच्या पाण्यांत जस्ताचा तुकडा टांगून ठेवला असतां त्यावर चकचकीत पालवी फुटते, हा प्रयोग शाळांतून अजूनहि दाखविला जातो. किमयागारास जें कौतुक होतें तेंच मुलामा देणाऱ्यास संकट झालें.

हें झुडूप कां वाढतें? याचें उत्तर दोन पायऱ्यांनीं सांगावें लागेल. पत्र्यावर धातु बसत असतां त्याच्या लगतच्या पाण्यांतील धातूचे कण, ज्यांस आयन म्हणतात, ते खर्च होतात, व दूरच्या पाण्यांतून नवे आयन येऊन ती तूट भरून निघते. वीज जोराची असेल तर खर्च अधिक व भरती कमी, अशी स्थिति होऊन कांहीं वेळानें पत्र्यालगतचें पाणी आयनांविना रितें होतें. हा वेळ किती, याचें गणित सँड नांवाच्या रसायनज्ञानें १९०१ सालीं मांडलें आणि तें आजहि त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. आतां पत्र्यावर कोठें तरी एक बारीक उंचवटा आहे असें समजा. त्याचें टोंक रित्या पाण्याच्या बाहेर, भरलेल्या पाण्याकडे पोंचलेलें असतें. म्हणून नवीन आयन प्रथम त्यासच मिळतात. तो उंच होतो, उंच झाल्यामुळें त्यास आणखी मिळतें, आणि आणखी मिळाल्यामुळें तो आणखी उंच होतो. ज्याच्यापाशीं आहे त्यालाच अधिक मिळावें, हा संसारांतील अन्याय हौदांतहि चालतो. ही पहिली पायरी झाली. दुसरी पायरी पाण्याच्या हालचालीची आहे. तिचा विचार पुढें येईल, कारण इतिहासांतहि ती पुष्कळ उशीरां आली.

कारागिरांनीं मात्र कारण कळण्याची वाट पाहिली नाहीं. आपल्याकडील कल्हईवाला तापलेल्या भांड्यांत नवसागराची चिमूट टाकतो, ती नवसागराचें रसायन जाणून टाकीत नाहीं. ती टाकली म्हणजे कथील भांड्यास धरतें, एवढें त्याच्या गुरूनें त्यास शिकविलेलें असतें. तसेंच येथें झालें. तांबें शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतून हौदांत थोडासा सरस घालण्याची चाल पडली. सुतार लांकूड चिकटवितो तोच हा सरस. जनावरांचीं कातडीं व हाडें शिजवून काढलेला. तो हौदांत घातला म्हणजे तांब्याचा थर घट्ट व सपाट बसतो. शिशाच्या बाबतींत तर या युक्तीवांचून कामच अडलें होतें, कारण शिसें हा झुडपें करण्यांत सर्वांत पटाईत धातु. अमेरिकेंतील ॲन्सन बेट्स यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं शिसें शुद्ध करण्याची जी रीत बसविली, तिचें निम्में यश जिलेटिनाच्या, म्हणजे निवडक सरसाच्याच, अल्प मात्रेंत होतें. कॅनडांत ट्रेल येथें त्या रीतीचा कारखाना निघाला, आणि शनीचें झाड प्रथमच माणसाच्या आज्ञेंत आलें.

सरस म्हणजे रसायनदृष्ट्या काय? तो दीर्घ सांखळीसारख्या रेणूंचा बनलेला आहे. असल्या पदार्थांस पॉलिमर म्हणतात. तांदळाच्या पेजेंतील पिठूळ द्रव्य, भेंडीचा बुळबुळीत रस, मासळीच्या अंगावरील चिकटा, रबर, आणि आजचीं नाना प्रकारचीं प्लास्टिकें, हीं सर्व याच कुळांतलीं. सरसाच्या सांखळ्या हौदांत तरंगतां तरंगतां धातूच्या पृष्ठभागाला, विशेषतः जेथें वाढ जोरानें चालली आहे अशा टोंकांना, चिकटतात व तेथील वाढ रोखून धरतात. उन्मत्त टोंकास आळा बसला म्हणजे मागें राहिलेल्या खोलगट भागांस वाटा मिळतो. आम्लाच्या ऊन हौदांत सरस हळूहळू मोडत जातो, म्हणून तो पुनःपुन्हा घालीत राहावें लागतें. तांब्याच्या कारखान्यांतून हा परिपाठ आजहि चालूं आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सरसाचें हें काम पृष्ठभागावरचें आहे. दीर्घ सांखळीच्या रेणूंचें दुसरेंहि एक काम आहे व तें वाहत्या द्रवांतलें आहे. त्याचा शोध लागण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें.

येथें आपली कथा पुण्यास येते. पाषाणच्या माळावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहावी म्हणून १९४७ सालच्या एप्रिलांत तिची कोनशिला बाळासाहेब खेर यांच्या हस्तें बसली. खेर हे रत्नागिरीचे, व त्या वेळीं मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख. ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित नेहरूंनीं तिचें उद्घाटन केलें. तिचे पहिले संचालक मॅकबेन हे साबणाच्या पाण्यासारख्या चिकट-फेसाळ द्रवांच्या शास्त्रांतील जगन्मान्य पंडित होते. त्यांच्या मागून १९५२ सालीं जे गृहस्थ त्या खुर्चीवर आले त्यांचें नांव जॉर्ज इंगल फिंच.

फिंच यांचें नांव गिर्यारोहकांस अधिक परिचित आहे. जन्म ऑस्ट्रेलियांत, शिक्षण झुरिकला, प्राध्यापकी लंडनला. १९२२ सालीं एव्हरेस्टच्या मोहिमेंत प्राणवायूचीं नळकांडीं पाठीस बांधून हे व जॉफ्री ब्रूस सुमारें २७,३०० फूट उंचीपर्यंत चढले. तेवढ्या उंचीवर त्यापूर्वीं मनुष्याचें पाऊल पडलें नव्हतें. प्राणवायु घेऊन चढणें हें खेळाडूस शोभत नाहीं, असें मानणारा एक वर्ग त्या काळीं प्रबळ होता. पुढें १९५३ च्या मे महिन्यांत तेनसिंग व हिलरी यांनीं प्राणवायूच्या साह्यानेंच शिखर गांठलें, तेव्हां फिंच पुण्यास आपल्या कचेरींत होते. ज्या साधनाचा त्यांनीं एकतीस वर्षांपूर्वीं पुरस्कार केला होता त्यानेंच अखेर काम झालें.

परंतु आमच्या विषयाशीं संबंध येतो तो त्यांच्या दुसऱ्या कीर्तीचा. इलेक्ट्रॉनांचा झोत एखाद्या पृष्ठभागावरून परावर्तित केला म्हणजे त्या पृष्ठभागावर अणु कसे रचले गेले आहेत याचें चित्र मिळतें. या विद्येंत फिंच अग्रगण्य होते, आणि तिचा उपयोग त्यांनीं मुख्यतः विजेनें बसविलेल्या धातूंच्या थरांचा अभ्यास करण्यासाठीं केला. १९३६ सालीं व पुन्हा १९४७ सालीं, विल्मन व यांग या सहकाऱ्यांसह, त्यांनीं जे निबंध प्रसिद्ध केले त्यांतून ऋणाग्रावर स्फटिक कसे वाढतात याचें प्रथमच सूक्ष्म दर्शन घडलें. आरंभींचे थर खालच्या धातूची ठेवण उचलतात. पुढें थर जाड होत गेला म्हणजे त्या ठेवणीचा प्रभाव ओसरतो व हौदाची स्थिति, म्हणजे द्रवाची तीव्रता, उष्णता आणि विजेचा जोर, यांचा अंमल सुरू होतो. स्फटिक कधीं पृष्ठभागाला धरून आडवे पसरतात, कधीं पृष्ठभागापासून बाहेर उभे वाढतात. आडवी वाढ म्हणजे गुळगुळीत मुलामा. उभी वाढ म्हणजे झुडपाचा आरंभ. फिंच १९५७ पर्यंत पुण्यास होते. धातूच्या झुडपाचें बाळरूप ज्यानें अणूअणूनें पाहिलें असा पुरुष आपल्या महाराष्ट्रांत पांच वर्षें एका प्रयोगशाळेचा कारभार पाहत होता, ही गोष्ट आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

आतां दुसरा प्रवाह. १९४८ सालीं हॉलंडांत शेव्हेनिंगेन येथें द्रवांच्या वहनावर विचार करण्यासाठीं पहिली जागतिक परिषद भरली. तिच्यांत टॉम्स नांवाच्या इंग्रज संशोधकानें एक चमत्कारिक अनुभव सांगितला. नळांतून एखादा द्रव जोरानें वाहूं लागला म्हणजे त्याचा सरळ प्रवाह मोडतो, त्यांत लहानमोठे भोंवरे उठतात, आणि पंपाची पुष्कळशी शक्ति या भोंवऱ्यांत व्यर्थ जाते. पावसाळ्यांत गड नदी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ही खळबळ वर्णन करून सांगावयास नको. टॉम्सनें असल्या द्रवांत थोडें पॉलिमर विरघळविलें. द्रव अधिक चिकट झाल्यामुळें वहन अधिक कठीण व्हावें, अशी कोणाचीहि अपेक्षा असणार. झालें उलटें: द्रव अधिक सुलभतेनें वाहूं लागला. टॉम्सनें घेतलेलें पॉलिमर पॉलिमिथिल मेथाक्रिलेट हें होतें. दुकानांच्या पाट्यांसाठीं जें काचेसारखें ॲक्रिलिक वापरतात तेंच हें.

याचें कारण असें. पॉलिमरचा रेणु शांत द्रवांत सुंभाच्या गुंडाळीसारखा पडून असतो. भोंवरा त्यास दोन्ही टोंकांनीं ओढूं लागला म्हणजे तो उलगडतो, ताणला जातो, आणि ताणलेल्या रबराप्रमाणें त्या ओढीस विरोध करतो. असे अगणित रेणु भिंतीलगतच्या भोंवऱ्यांची रग जिरवितात. यासाठीं पॉलिमर फार लागत नाहीं. द्रवाच्या दहा लक्ष भागांस कांहीं थोडे भाग पुरतात आणि घर्षण निम्म्याहूनहि कमी करतां येतें. १९७९ पासून अलास्कांतील तेलाच्या प्रचंड नळांत याच उपायानें तेल अधिक वेगानें वाहविण्यांत आलें. मासळीच्या अंगावरील चिकट्यालाहि हाच गुण असल्याचें पुढें प्रयोगांनीं दिसलें.

असल्या सांखळीदार द्रवांच्या वहनाचें शास्त्र ज्यांनीं भारतांत रुजविलें त्यांत डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर यांचें स्थान फार वरचें आहे. त्यांचा जन्म १ जानेवारी १९४३ रोजीं गोव्यांतील माशेल या गांवीं, पोर्तुगीज अमदानींत झाला. लहानपणींच पितृछत्र हरपलें. आईनें मुंबईस येऊन कष्ट करून त्यांस शिकविलें. गिरगांवांतील शाळा, रस्त्यावरील दिव्याखालचा अभ्यास, मग मुंबई विद्यापीठाचें रासायनिक तंत्रज्ञानाचें खातें, १९६९ सालीं पीएच. डी., त्यानंतर इंग्लंडांत सालफर्ड येथें संशोधन व अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला. १९७६ सालीं ते मायदेशीं परतले ते पुण्याच्या याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत. १९८९ पासून १९९५ पर्यंत ते तिचे संचालक होते, म्हणजे मॅकबेन व फिंच ज्या खुर्चीवर बसले तिच्यावरच बसले. आणि १९९८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासदत्व दिलें.

माशेलकरांच्या संशोधनांतील एक प्रश्न आमच्या विषयाच्या अगदीं गाभ्याचा आहे. १९८२ सालीं ए. दत्ता यांच्यासह लिहिलेल्या एका विस्तृत निबंधांत त्यांनीं तो मांडला. पॉलिमरयुक्त द्रव हा पळीनें ढवळावयास जड असतो. मग त्यांतून एखाद्या लहानशा रेणूचा प्रवासहि तितकाच जड होतो काय? साध्या द्रवांचा नियम सांगतो कीं, द्रव जितका चिकट तितका त्यांतील रेणु मंद. पण सांखळीदार द्रवांत हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाहीं, आणि म्हणून जुनीं गणितें नव्यानें तपासलीं पाहिजेत, असा त्या निबंधाचा रोख होता. कोंकणांतील वाचकांस हें पेजेच्या दृष्टांतानें सहज समजेल. पेज कितीहि दाट असो, तींत टाकलेलें मीठ विरघळून हळूहळू पसरतेंच. पळीला अडविणाऱ्या त्या लांब सांखळ्यांच्या मध्यें मिठाच्या बारीक कणांस वाट मोकळी असते. पळीला जाणवणारा दाटपणा एक, मिठाला जाणवणारा दाटपणा दुसरा. हा भेद त्या काळीं केवळ अभ्यासकांच्या आस्थेचा विषय होता. पुढें त्यावरच एका मोठ्या उपायाची उभारणी व्हावयाची होती.

तो उपाय कोणत्या संकटावर, हें आतां पाहूं. १९७६ सालीं व्हिटिंगहॅम यांनीं लिथियम धातूचा, पुनःपुन्हा भरतां येणारा घट जगापुढें मांडला. लिथियम हा सर्वांत हलका धातु. एका ग्रॅमांत सुमारें ३,८६० मिलिअँपिअर-तास इतकी वीज तो सांठवितो, तर आजच्या घटांतील ग्रॅफाइट केवळ ३७२. परंतु घट भरणें म्हणजे ऋणाग्रावर लिथियमचा मुलामा चढविणेंच होय; आणि मुलामा आला तेथें झुडूप आलें. हौदांतील झुडूप कापून टाकतां येतें. बंद घटांतील झुडूप वाढत वाढत पलीकडच्या अग्रास जाऊन भिडतें, आंतल्या आंत विजेची गांठ बसते, आणि घट पेट घेतो. १९८९ सालीं कॅनडांतील एका कंपनीचे असले घट दूरध्वनींत पेटल्यामुळें परत घ्यावे लागले. तेव्हां जगानें माघार घेतली. लिथियम धातु सोडून त्याचे आयन कर्बाच्या थरांत दडविणारा घट १९९१ सालीं सोनी कंपनीनें बाजारांत आणिला, व आजचे आपले सर्व भ्रमणध्वनि त्याच वाटेनें आले. त्या कार्याबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु दहापट सांठ्याचा धातु बाजूस ठेवावा लागला, ही रुखरुख राहिलीच.

माघार घेतलेल्या जागीं शास्त्रज्ञ पुन्हा खणूं लागले, आणि आम्हीं मागें बाजूस ठेवलेली दुसरी पायरी त्यांस सांपडली. १९९० सालीं शाझाल्व्हिएल या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, पत्र्यालगतचें पाणी आयनांविना रितें झालें म्हणजे तेथें विद्युत्-भाराचा तोल बिघडतो. या भारावर विजेची ओढ लागून द्रव स्वतःच हालूं लागतो, आणि स्थिर दिसणाऱ्या घटांत बारीक भोंवरे उठतात. १९९२ मध्यें फ्लरी, शाझाल्व्हिएल व रोसो यांनीं वाढत्या फांद्यांभोंवतीं असे भोंवरे प्रत्यक्ष असल्याचा पुरावा दिला. २००० सालीं रुबिन्स्टाइन व झाल्ट्समन यांनीं या अस्थैर्याचें गणित बसविलें. हे भोंवरे दूरचे आयन उचलून फांद्यांच्या टोंकांस आणून देतात. म्हणजे आधींच लाडक्या असलेल्या टोंकास दारीं रतीब लागतो. तेव्हां झुडपास आवरावयाचें तर त्याचें टोंक धरणें पुरेसें नाहीं. त्यास खाऊं घालणारा भोंवराहि थोपविला पाहिजे. आणि भोंवरा थोपविण्याची विद्या टॉम्सच्या व माशेलकरांच्या गोत्रांतली होती.

२०१८ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत लिंडन आर्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा सांधा जुळविला. आर्चर हे मूळचे गयानाचे. घटांतील द्रवांत त्यांनीं अतिदीर्घ सांखळ्यांचें पॉलिमर मिसळलें. आणि तें पॉलिमिथिल मेथाक्रिलेटच होतें, सत्तर वर्षांपूर्वीं टॉम्सनें घेतलेल्या जातीचें. सांखळ्या एकमेकींत गुंतल्यामुळें द्रव लवचिक झाला, भोंवरे दबले, व धातु अधिक समतल बसूं लागला. आयनांचें वहन मात्र द्रवाला साजेल इतकें कायम राहिलें. पळीला दाट आणि मिठाला पातळ, अशी ही पेज होती. पुढच्याच वर्षीं त्याच विद्यापीठांतून प्रसिद्ध झालेल्या गणितानें, लवचिक द्रवांत भोंवऱ्यांनीं वाहून नेल्या जाणाऱ्या आयनांचें प्रमाण घटतें, हें दाखविलें.

या उपायानें व्याधि समूळ गेली असें समजण्याचें कारण नाहीं. लिथियम हा अत्यंत तापट धातु आहे. द्रवाचा स्पर्श होतांच त्यावर एक ठिसूळ पापुद्रा धरतो, तो तडकतो, आणि तडकलेल्या जागेंतून मंद विजेंतहि शेवाळासारखी वाढ बाहेर पडते. तेथें पाणी शांत असून भागत नाहीं. शिवाय पॉलिमर प्रमाणाबाहेर घातलें तर आयनांची वाटहि अडते व घट भरण्यास वेळ लागतो. तेव्हां सरसाचें पृष्ठभागावरचें काम व सांखळ्यांचें प्रवाहांतलें काम, हीं दोन्ही एकत्र साधावीं लागतील, आणि तशा प्रयत्नांत आज अनेक देशांतील प्रयोगशाळा आहेत. लिथियमप्रमाणें जस्ताच्या व सोडियमच्या घटांसहि हाच प्रश्न आहे, आणि तीं द्रव्यें स्वस्त असल्यामुळें आपल्यासारख्या देशास त्यांचें महत्त्व अधिक.

या सर्व इतिहासावरून आम्हांस जें वाटतें तें स्पष्ट सांगतों. पुण्याच्या एकाच प्रयोगशाळेंत एका पिढीनें धातूचें झुडूप पाहिलें व दुसऱ्या पिढीनें सांखळीदार द्रवाचा स्वभाव ओळखिला. या दोहोंचा संगम तेथें झाला असा आमचा दावा नाहीं. फिंच परत गेले तेव्हां माशेलकर चौदा वर्षांचे होते. संगम झाला तो कॉर्नेल येथें. पण संगमाला लागणारें पाणी आपल्याकडे होतें, हें मनांत वागविण्यासारखें आहे. जेव्हां विजेच्या रसायनाचा अभ्यासक व वहनशास्त्राचा अभ्यासक शेजारच्या खोल्यांत बसूनहि एकमेकांचे निबंध वाचीत नाहींत, तेव्हां हानि त्या दोघांचीच होत नाहीं. टॉम्सचा शोध १९४८ चा. तामिळनाडूंतील कारैकुडी येथें विद्युत्-रसायनाच्या मध्यवर्ती संस्थेची कोनशिला बसली तीहि १९४८ सालींच. द्रवाच्या शास्त्रांतील तें ज्ञान धातूच्या हौदापर्यंत येण्यास सत्तर वर्षें लागलीं. वाट लांब नव्हती. वाट चालणारा कोणी नव्हता.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती. कासार्ड्याची सिलिका वाळू, कणकवलीजवळचें क्रोमाइट, रेडीचें लोहखनिज, हें सर्व सिंधुदुर्गाच्या पोटांत आहे. आणि असलें खनिज खणून बाहेर धाडावें व त्यापासून झालेला माल दामदुप्पट मोलानें परत विकत घ्यावा, हा कच्च्या मालाच्या प्रदेशांचा सनातन शिरस्ता आहे. विजेच्या सांठ्याचें नवें युग येत आहे त्यांतहि आपण केवळ गिऱ्हाईकच राहणार काय? आमच्या मतें याचें उत्तर खाणींत नाहीं, प्रयोगशाळेच्या मेजावर आहे. आणि तें मेज फार महागहि नाहीं. जस्ताचा एक क्षार, दोन पत्रे, एक लहान घट, आणि चमचाभर सरस, एवढ्या साहित्यावर कणकवलीच्या वा मालवणच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास धातूचें झुडूप उगवून पाहतां येईल व सरसानें तें आवरूनहि पाहतां येईल. त्यानें वीज वाढवावी, सरस कमी-अधिक करावा, सरसाऐवजीं पेजेची निवळ घालून पाहावी, आणि जें दिसेल तें वहींत तारीखवार टिपावें. बेट्सपाशीं आरंभीं याहून फार अधिक नव्हतें.